शेजारचे मांजर, बागेतली माती आणि आपले आरोग्य

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना एक सुख असते, ते म्हणजे दारासमोरची चार हात माती. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत, कल्याणच्या पारनाक्याकडची घरे असोत किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागातले बंगले असोत, तुळस, जास्वंद, गवती चहा, अळू, कढीपत्ता एवढे तरी त्या मातीत असतेच. ज्यांना जमीन नाही ते गच्चीत किंवा खिडकीच्या जाळीत कुंड्या ठेवतात. आणि जिथे मोकळी माती आहे तिथे शेजारच्यांचे मांजर येऊन घाण करून जाते, ही तक्रारही बहुतेक सोसायट्यांत ऐकू येते. सकाळी पाणी घालायला जावे तर कोथिंबिरीचा वाफा उकरलेला आणि दुर्गंधी सुटलेली. यावरून शेजाऱ्यांत अबोला धरला जातो, सोसायटीच्या सभेत आवाज चढतात आणि क्वचित मांजराला विष घालण्यापर्यंत मजल जाते.

हा प्रश्न केवळ घाणीचा व भांडणाचा नाही, आरोग्याचाही आहे. पण त्याबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाच्या कल्पना असतात. काहीजण म्हणतात, "मांजराच्या घाणीने काय होते? आमच्या लहानपणी घरात सहा मांजरे होती." उलट घरात दिवस गेलेली सून असली की काहीजण मांजर दिसताच घाबरून जातात. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे. ती नीट समजून घेतली तर उपाय सोपा आहे आणि भांडण करण्याचीही गरज उरत नाही.

मांजराच्या विष्ठेतून काय पसरते?

मांजराच्या विष्ठेतून माणसाला होऊ शकणारे तीन विकार आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला आणि सर्वांत जास्त चर्चेतला म्हणजे टॉक्सोप्लाझ्मोसिस. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परोपजीवी जंतू. १९०८ साली ट्युनिस येथे शार्ल निकोल आणि लुई मांसो या शास्त्रज्ञांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. पण तो पसरतो कसा हे कोडे पुढे साठ वर्षे सुटले नाही. १९७० च्या सुमारास सिद्ध झाले की या जंतूची पूर्ण वाढ मार्जार कुळातील प्राण्यांच्या आतड्यातच होते आणि त्यांच्या विष्ठेतून त्याचे सूक्ष्म बीजकोश बाहेर पडतात. एक बीजकोश साधारणपणे मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. डोळ्यांना तो दिसणे शक्य नाही.

दुसरा विकार मांजराच्या पोटातील गोल जंतांचा. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. माती खाणाऱ्या किंवा मातीचे हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर त्यांतून अळ्या निघतात. माणसाच्या शरीरात त्यांना आपले नेहमीचे घर सापडत नाही, म्हणून त्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहतात. ताप, खोकला, छातीत घरघर, पोटदुखी, रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ अशी लक्षणे दिसतात. डोळ्यात अळी गेली तर एका डोळ्याची दृष्टी कमी होऊ शकते. कुत्र्याच्या जंतांमुळेही हाच विकार होतो.

तिसरा विकार हूकवर्मच्या, म्हणजे अंकुशकृमीच्या अळ्यांचा. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतील या कृमींच्या अंड्यांतून ओल्या, उबदार मातीत अळ्या बाहेर येतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात. माणसाच्या त्वचेत त्यांना खोल जाता येत नाही, म्हणून त्या त्वचेखालीच वळणे घेत पुढे सरकतात. पावलावर किंवा मांडीवर लाल, नागमोडी, अतिशय खाजणारी रेघ उमटते आणि ती रोज थोडी थोडी पुढे जाते. पावसाळ्यात अनवाणी बागकाम करणाऱ्यांनी आणि रेतीत खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही खूण लक्षात ठेवावी. हा गजकर्ण नव्हे. त्यावर खाज-खरजेचे मलम चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. योग्य गोळ्यांनी तो लवकर बरा होतो.

धोका मांजरात की मातीत?

इथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सारा उपाय तिच्यावर उभा आहे. मांजराच्या ताज्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे बीजकोश लगेच रोग पसरवू शकत नाहीत. हवा, ओल आणि ऊब मिळून ते 'पिकायला' एक ते पाच दिवस लागतात. गोल जंतांची अंडी पिकायला तर काही आठवडे जातात. हूकवर्मच्या अंड्यांतून मातीत अळी तयार व्हायलाही काही दिवस लागतात.

म्हणजेच आज पडलेली घाण आजच उचलली तर या तिन्ही विकारांची साखळी तुटते. "राहू दे, सुकली की आपोआप मातीत मिसळेल," असे म्हणून जो ती सोडून देतो, तो स्वतःच धोका तयार होऊ देतो. घाण दिसेनाशी होते, पण बीजकोश ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभर आणि त्याहूनही अधिक टिकतात. गोल जंतांची अंडी तर काही वर्षे टिकू शकतात. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, दोन इमारतींमधल्या अरुंद पट्ट्यातली सावली आणि रोजचे पाणी यांमुळे बागेतली माती त्यांना मानवते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक मांजर नेहमीच हा जंतू पसरवत नसते. उंदीर, पाखरे किंवा कच्चे मांस खाऊन मांजराला आयुष्यात पहिल्यांदा बाधा होते, तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून बीजकोश पडतात. या काळात त्यांची संख्या मात्र लाखांनी, कोटींनी मोजावी लागते. त्यानंतर मांजराला प्रतिकारशक्ती येते व सहसा हे थांबते. ही पहिली बाधा बहुधा मांजर लहान असताना, नुकते शिकार करू लागते तेव्हा होते. गोल जंतही पिल्लांतच अधिक असतात, कारण ते आईच्या दुधातून पिल्लाला मिळतात. म्हणून वस्तीतली खरी काळजीची बाब म्हणजे जिन्याखाली दर काही महिन्यांनी जन्मणारी नवी पिल्ले. दूध-भात खाऊन घरातच झोपणारे म्हातारे मांजर त्या मानाने निरुपद्रवी.

टॉक्सोप्लाझ्मोसिस कोणाला त्रासदायक?

निरोगी माणसाला ही बाधा झाली तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. फार तर काही दिवस अंग मोडून येते, बारीक ताप येतो, मानेत गाठी येतात. जगातील सुमारे एक तृतीयांश माणसांना कधी ना कधी ही बाधा होऊन गेलेली असते, असा अंदाज आहे. मात्र दोन गटांनी सावध राहिले पाहिजे.

गर्भवती स्त्रिया : गरोदरपणात आयुष्यातली पहिली बाधा झाली, तर ती वारेतून बाळापर्यंत जाऊ शकते. सुरुवातीच्या तीन महिन्यांत बाळाला बाधा पोहोचण्याची शक्यता कमी असते, पण पोहोचली तर परिणाम गंभीर होतात. गर्भपात, डोक्यात पाणी साचणे, मेंदूची हानी असे प्रकार घडू शकतात. शेवटच्या तीन महिन्यांत बाळापर्यंत बाधा पोहोचण्याची शक्यता अधिक, पण जन्मतः त्रास कमी. अशा मुलाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला पुढे काही वर्षांनीही सूज येऊ शकते. ज्या स्त्रीला लग्नापूर्वी किंवा गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी ही बाधा होऊन गेली आहे, तिच्या बाळाला मात्र सहसा धोका नसतो.

प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण : एचआयव्हीची लागण झालेले, अवयवरोपण झालेले, कर्करोगाची औषधे घेणारे अशा रुग्णांत शरीरात झोपलेला जुना जंतू पुन्हा जागा होऊन मेंदूत सूज आणू शकतो. ताप, डोकेदुखी, झटके, एका बाजूची शक्ती जाणे अशी लक्षणे दिसताच अशा रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

याशिवाय निरोगी माणसातही कधीकधी डोळ्यांचा त्रास होतो. तमिळनाडूतील कोइमतूर येथे २००४-०५ मध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसची साथ आली होती. त्यात सुमारे अडीचशे रुग्णांची नोंद झाली आणि पिण्याचे पाणी दूषित झाल्याचा संशय व्यक्त झाला. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली अशीच साथ आली होती आणि तिचा संबंध शहराच्या पाण्याच्या साठ्याशी जोडला गेला. या दोन्ही ठिकाणी ज्यांना बाधा झाली त्यांनी घरी मांजर पाळलेले असण्याची काहीच गरज नव्हती. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तेवढ्या क्लोरिनने हे बीजकोश मरत नाहीत. आपल्या सोसायट्यांतील जमिनीखालच्या टाक्यांची झाकणे उघडी, फुटकी असतात. झाकण नीट बसते ना आणि आसपासचे पावसाचे पाणी वाहून टाकीत जात नाही ना, हे पाहणे सोसायटीच्या चिटणिसांचे आरोग्याचेच काम आहे.

मांजर आपलीच बाग का निवडते?

मांजर स्वभावाने स्वच्छ. विष्ठा उकरून, पुरून टाकण्याची त्याची उपजत सवय. त्यासाठी त्याला भुसभुशीत, कोरडी, सहज उकरता येणारी जागा लागते. सोसायटीच्या आवारात सगळीकडे फरशा, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट झाल्यावर अशी जागा उरते फक्त आपला नुकताच खुरपलेला वाफा. किंवा मग बांधकामासाठी आणून टाकलेली रेती. आपल्या शहरांत इमारतींचा पुनर्विकास सुरू असल्याने रेतीचे ढीग जागोजागी दिसतात. मांजरे त्यांचाच उपयोग करतात आणि त्याच ढिगांवर संध्याकाळी मुले किल्ले बांधतात. या ढिगांवर ताडपत्री घालून घ्यावी. मुलांना दिवाळीच्या किल्ल्यासाठी तिथली रेती आणि माती आणू देऊ नये.

एकदा जागा ठरली की वासामुळे मांजर पुन्हा तिथेच येते. म्हणून पहिल्या आठवड्यातच लक्ष दिले तर सवय मोडते. याखेरीज मांजर आपल्या आवारात येते ते खाण्याच्या मागावर. रात्री बाहेर ठेवलेला ओला कचरा, मासळीचे टाकाऊ भाग, पायरीवर ठेवलेला उरलेला भात आणि या सगळ्यामागे येणारे उंदीर असले की मांजर येणारच. कचऱ्याचे डबे झाकणाचे ठेवणे, रात्री कचरा बाहेर न ठेवणे हा उंदीर आणि मांजर या दोघांवरचा उपाय आहे.

घाण कशी उचलावी?

(१) हातात रबरी मोजे घालावेत किंवा प्लास्टिकची पिशवी उलटी करून हातावर चढवावी. (२) माती फार कोरडी असल्यास आधी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडणार नाही. कोरड्या जागी झाडूने झाडू नये. (३) जुन्या खुरपीने विष्ठा व तिच्याभोवतीची दोन-तीन बोटे माती एकत्रच उचलून पिशवीत बांधावी व कचऱ्यात टाकावी. घरच्या कंपोस्ट खताच्या डब्यात ती कधीही टाकू नये. (४) फरशीवर किंवा कट्ट्यावर घाण असेल तर ती काढल्यावर उकळते पाणी ओतावे. बीजकोश उकळत्या पाण्याने मरतात, ब्लीचिंग पावडरने किंवा फिनेलने नाही. (५) खुरपी त्याच कामासाठी वेगळी ठेवावी. (६) शेवटी साबणाने हात धुवावेत, नखांच्या कडा नीट घासाव्यात.

हे काम रोज करावे. गर्भवती स्त्रीने ते करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. करण्यावाचून गत्यंतर नसेल तर मोजे घालून, रोजच्या रोज करावे.

मांजराला बागेत येण्यापासून कसे थांबवावे?

मांजराला जागा नकोशी करणे हाच खरा उपाय. त्याला इजा करण्याची गरज नाही.

वाफ्यात रोपांच्या मधली माती उघडी ठेवू नये. खडी, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या पसराव्यात. उकरता आले नाही की मांजर पुढे जाते. नवे बी पेरले असेल तेव्हा वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी अंथरून कडेने विटा ठेवाव्यात. रोपे जाळीच्या भोकांतून वर येतात. कुंड्यांच्या तोंडावर जाळीचा गोल कापून बसवावा. बोरीच्या, लिंबाच्या काटेरी फांद्या छाटल्या असतील तर त्यांचे तुकडे मातीवर टाकावेत. मात्र लहान मुले खेळत असतील तिथे हा उपाय नको. मांजराला ओली माती आवडत नाही, म्हणून त्याच्या नेहमीच्या वेळेआधी, म्हणजे संध्याकाळी, पाणी घालावे. लिंबा-संत्र्याच्या साली टाकल्याने काही मांजरे दूर राहतात, पण वास दोन-तीन दिवसांत जातो व साली बदलाव्या लागतात. केवळ यावर विसंबून राहू नये.

पुढील गोष्टी मात्र करू नयेत. डांबराच्या गोळ्या मातीत टाकू नयेत. त्या मांजराला विषारी आहेतच, पण लहान मूल खडीसाखर समजून त्या तोंडात घालू शकते. ज्या मुलांत जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळीमुळे झपाट्याने फुटतात आणि जीवावर बेतते. फिनेल व कार्बोलिकही शिंपडू नये. मांजराचे यकृत अशी द्रव्ये नीट पचवू शकत नाही. पाय चाटूनच त्याला विषबाधा होते आणि आपली झाडेही जळतात. तिखट, रॉकेल यांचेही तसेच. उंदराचे विष ठेवण्याचा तर विचारही करू नये.

प्राण्याला विष घालून मारणे किंवा जायबंदी करणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही आहेच. पोत्यात घालून मांजर दूर सोडून येणे हेही त्याच क्रूरतेत मोडते. शिवाय त्याने प्रश्न सुटत नाही. खाणे आणि जागा शिल्लक असली की महिन्याभरात दुसरे मांजर येते.

शेजाऱ्यांशी कसे बोलावे?

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न आपल्यालाही पडतो. थेट सभेत तक्रार करण्याआधी एकदा घरी जाऊन बोलावे. "तुमच्या मांजराने आमची बाग घाण केली," असे म्हटले की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "आमचेच कशावरून?" त्याऐवजी, "वहिनी, आमच्या सुनेला पाचवा महिना आहे, डॉक्टरांनी मातीची काळजी घ्यायला सांगितली आहे. तुमच्या मनीसाठी तुमच्या बाजूला एक रेतीचा ट्रे ठेवाल का? रेती हवी तर मी आणून देतो," असे म्हटले तर बहुतेक माणसे ऐकतात.

मांजर पाळणाऱ्यांनीही आपली जबाबदारी ओळखावी. ती चार प्रकारची. एक, मांजराला घरात किंवा बाल्कनीत रेतीचा पसरट ट्रे द्यावा व तो रोज साफ करावा. कोरडी रेती मिळाली तर मांजर सहसा दुसऱ्याच्या वाफ्यात जात नाही. दोन, त्याला कच्चे मांस, कोंबडीची कच्ची आतडी देऊ नयेत, शिजवून द्यावे. तीन, पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी जंतांचे औषध आणि रेबीजची लस द्यावी. पिल्लांना जंतांचे औषध अगदी लहान वयापासून लागते. चार, शस्त्रक्रिया करून घ्यावी.

हा चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा पिल्ले देते. आधी सांगितल्याप्रमाणे जंतूंचा मोठा पसारा पिल्लांकडूनच होतो. म्हणून मांजरांची संख्या वाढू न देणे हा बागेचा, मांजरांचा आणि आपल्या आरोग्याचाही सर्वांत टिकाऊ उपाय आहे. शस्त्रक्रिया झालेले बोके भिंतींवर मूत्र फवारणे आणि रात्री ओरडून भांडणे हेही बरेच कमी करतात. सोसायटीतल्या बेवारशी मांजरांसाठी वर्गणी काढून हे काम करता येते. ठाण्यातील एसपीसीए, डोंबिवली-कल्याण भागात काम करणारी पॉज या संस्था किंवा जवळचे पशुवैद्य यांच्याकडे चौकशी करावी. परळचे पशू रुग्णालय, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडचे 'बैलघोडा हॉस्पिटल', हेही लोकलच्या अंतरावर आहे. मुंबई महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने २०१९ च्या सुमारास मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले. आपल्या प्रभागात अशी काय सोय आहे, याची विचारणा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी करावी. एकट्याच्या तक्रारीपेक्षा सोसायटीच्या पत्राचे वजन अधिक असते.

नेहमीच्या शंका

प्रश्न : घरात गर्भवती स्त्री आहे. पाळलेले मांजर कोणाला देऊन टाकावे का?
उत्तर : गरज नाही. मांजराला जवळ घेतल्याने हा आजार सहसा होत नाही. ट्रे दुसऱ्याने रोज साफ करावा, मांजराला शिजवलेले अन्न द्यावे आणि या काळात नवे पिल्लू आणू नये. मातीत हात घालताना मोजे वापरावेत. पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, देवाला वाहून तोंडात टाकायची तुळशीची पानेसुद्धा वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत. मांस पूर्ण शिजवावे. आपल्याकडे कुकरला शिट्ट्या देऊन मटण शिजते, त्यात धोका राहत नाही. अर्धवट भाजलेले कबाब मात्र टाळावेत. कच्चे मांस चिरल्यावर सुरी, पाट आणि हात साबणाने धुवावेत.

प्रश्न : गर्भपातानंतर 'टॉर्च' तपासणीत टॉक्सोप्लाझ्मा पॉझिटिव्ह आला. मांजरामुळेच गर्भपात झाला का?
उत्तर : तसा निष्कर्ष लगेच काढू नये. या तपासणीत आयजीजी आणि आयजीएम अशी दोन प्रकारची प्रतिद्रव्ये पाहतात. केवळ आयजीजी असेल तर बहुधा बाधा जुनी असते आणि जुन्या बाधेमुळे वारंवार गर्भपात होत नाहीत. आयजीएमसुद्धा काहींच्या रक्तात वर्षभर व त्याहून अधिक राहते, म्हणून बाधा नवी की जुनी हे ठरवण्यासाठी 'अ‍ॅव्हिडिटी' तपासणी करावी लागते. बाधा खरोखर गरोदरपणातली असेल तर औषधे आहेत, पण ती स्त्रीरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत. एका कागदावरच्या 'पॉझिटिव्ह' शब्दावरून सुनेला दोष देणे किंवा मनाने औषधे घेणे, दोन्ही चूक.

प्रश्न : मांजराचा केस पोटात गेला तर दमा होतो, हे खरे का?
उत्तर : केस पोटात गेल्याने दमा होत नाही. मात्र मांजराच्या लाळेतील व त्वचेतील काही प्रथिनांची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. त्यामुळे शिंका, डोळे चुरचुरणे, आधीपासून दमा असल्यास धाप लागणे असा त्रास होतो.

प्रश्न : बागेतून हाकलताना मांजराने मुलाला ओरखडले. काय करावे?
उत्तर : जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो आणि झाल्यावर त्यावर उपाय नाही. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज अशा पालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. दंडाच्या स्नायूत दिल्यास ती पहिल्या दिवशी व नंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिल्यास पहिल्या, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर सोबत दुसरे इंजेक्शनही लागते. "शेजारचेच मांजर आहे," म्हणून एकही मात्रा चुकवू नये.

प्रश्न : मुलगा सारखा माती खातो. जंतांचे औषध दिले की पुरे ना?
उत्तर : पुरे नाही. माती खाण्यामागे अनेकदा रक्तातील लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ताप व खोकला बरेच दिवस रेंगाळत असेल किंवा मूल एक डोळा बारीक करून, वाकडा करून पाहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना मातीच्या सवयीची माहिती आवर्जून द्यावी. ती न सांगितल्यास निदान चुकण्याची शक्यता असते.

थोडक्यात

घाण दिसली की त्याच दिवशी उचलावी. माती उघडी ठेवू नये. बागेत चपला आणि हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. रेतीचे ढीग आणि पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. गर्भवतीने घाण साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. विष, डांबरगोळ्या, फिनेल वापरू नये. मांजर पाळणाऱ्यांनी रेतीचा ट्रे, जंतांचे औषध, लस आणि शस्त्रक्रिया या चार गोष्टी पाळाव्यात. पावसाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात, वाफ्यांवर खडी आणि जाळी घालण्याचे काम उरकून घेतले तर पुढचे चार महिने बाग आणि शेजार दोन्ही चांगले राहतील.